लाखेचं पहिलं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत.

माळावरच्या एका गावात सलग दोन वर्षं पाऊस पडला नाही. ज्वारी करपली, हरभरा उगवलाच नाही. तगली ती फक्त लाख. भेगाळलेल्या जमिनीतही तिला शेंगा धरल्या आणि तिच्या डाळीवर गाव जगलं.

पण लाखेच्या दाण्यात एक विष असतं. दाणा भिजला की ते पाण्यात उतरतं. गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला हे ठाऊक होतं. ती घरोघरी सांगत फिरली, की डाळ गरम पाण्यात भिजवा, ते पहिलं पाणी ओतून द्या, मग दुसऱ्या पाण्यात शिजवा. का, असं कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, की तशी रीत आहे.

त्या गावात एक कावडवाला होता. दोन कोसांवरच्या डोहातून तो पाणी आणायचा. त्याची बायको सुईणीचं ऐकून भिजवणीचं पाणी उकिरड्यावर ओतायची. एकदा त्यानं ते पाहिलं.

"कारभारीण, मी खांदे सोलून पाणी आणतो आणि तू उकिरड्याला पाजतेस? गोड लागतं का विचार त्याला."

तो हसत म्हणाला. तिला मात्र त्याचे सोललेले खांदे दिसले. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच पाण्यात डाळ शिजवू लागली. तो कष्टाचा माणूस, म्हणून स्वतः अर्धपोटी राहून त्याला दुप्पट वाढू लागली.

तिसऱ्या महिन्यात त्याच्या पोटऱ्या आखडल्या. चालताना गुडघ्यात गुडघा अडकू लागला. एक दिवस तो कावडीसकट वाटेतच कोसळला.

सुईणीनं त्याचे पाय चाचपले.

"पहिलं पाणी ओतत होतीस ना गं?"

बायकोनं नवऱ्याच्या खांद्यांकडे पाहिलं.

"मीच टोमणा मारला होता तिला, आजी," तो म्हणाला.

सुईण मटकन खाली बसली. "विष आहे हे मी सांगायला हवं होतं रे. भ्याले मी. लोक लाख टाकतील नि उपाशी मरतील, असं वाटलं. हे पाय आता सुटायचे नाहीत."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. शेतं हिरवी झाली, घराघरांत ज्वारी आली. पोटासाठी कावड आता बायकोच्या खांद्यावर होती. ती डोहाकडे निघाली की तो दाराकडे पाठ करून बसायचा.

तात्पर्य: अन्नाची रीत सांगणाऱ्यानं त्या अन्नाचा दोषही सांगायलाच हवा.