केरबाने स्वतः गाडी उघडली

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. गावात मोटारसायकली पुष्कळ होत्या. ढकलत न्यायची एकच, ती केरबाची. जत्रेला जाताना त्याने बायकोला, मंजुळेला, नव्या साडीत चढावर गाडी ढकलायला लावली. मंजुळेने ती वरपर्यंत ढकलली आणि तिथून तशीच चालत माहेरी गेली. सासऱ्यांनी निरोप धाडला, की रविवारपर्यंत धड गाडीवरून न्यायला या, नाहीतर पोरगी इथेच राहील.

मंजुळेवर त्याचा फार जीव होता.

गावात बशीरचाचा नावाचे चांगले मिस्त्री होते. पण बायको माझी, गाडी माझी, तर मिस्त्री कशाला, असं केरबाचं म्हणणं. त्याने इंजिन उघडलं, रॉकेलने धुतलं आणि परत बंद केलं. दोन नट उरले. ते त्याने देव्हाऱ्यात ठेवले. गाडी खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. चाचांनी नट बसवले आणि बजावलं, "काढलेलं सगळं परत आत गेलं पाहिजे. काही उरता कामा नये."

केरबाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑइल बदललं. जुनं काळंकुट्ट ऑइल पातेल्यात काढलं, नवं घातलं. मग पातेल्याकडे बघून तो दचकला. एवढं उरलं की! त्याने तेही आत ओतलं. गाडीने असा धूर सोडला की शेजारणीने पापडांचं वाळवण उचलून घरात नेलं. चाचांनी कपाळावर हात मारला. "बाबा रे, जुनं निघालं की टाकून द्यायचं. परत घालायचं नाही."

केरबाने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी त्याने चेन काढली. ब्रशने घासून लख्ख केली. लख्ख झाल्यावर त्याला आठवलं, ही तर जुनी. दिली गावच्या विहिरीत टाकून. पाणी भरणाऱ्या बायकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चाचांनी दुसरी चेन चढवून दिली, पण या खेपेला शिकवलं काहीच नाही. शिकवलं की गाडी बिघडते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

धूर मात्र थांबेना. पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नव्या आण, मी बसवतो, असं चाचा म्हणाले. केरबाने रिंगा आणल्या आणि स्वतःच बसला. पिस्टनवर रिंगा घालायच्या आधीच सिलिंडर चढवला, रिंगा हातात उरल्या. उरता तर कामा नयेत. म्हणून तो त्या हातोडीने वरून ठोकायला लागला. आवाज ऐकून चाचा धावत आले. त्यांनी हातोडी काढून घेतली आणि न राहवून बोललेच.

"क्रम चुकला की ठोकाठोकी करायची नाही. सगळं खोलायचं, जिथलं तिथं ठेवायचं, आणि पहिल्यापासून सुरू करायचं. कळलं?"

"कळलं, चाचा."

रिंगा चाचांनीच बसवल्या. त्या नव्या आहेत, पाचशे किलोमीटर होईपर्यंत सावकाश चालव, मागे कुणाला बसवू नकोस, एवढं सांगून ते गेले.

शुक्रवारी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. केरबा बारा किलोमीटरवरच्या सासरवाडीला पोचला. मंजुळा पिशवी घेऊन हसत दारात आली.

"बसू नको," केरबा म्हणाला. "अजून चारशे अठ्ठ्याऐंशी राहिलेत."

आणि तो माघारी वळला. तीन दिवस तो त्या रस्त्याने ये-जा करत होता. सासऱ्यांच्या दारात आला की हॉर्न द्यायचा. मंजुळा पिशवी घेऊन धावत यायची. तो उरलेला आकडा सांगून वळायचा. शेवटी सासऱ्यांनाच गहिवरून आलं. माणूस येडा असला तरी माया खरी आहे, म्हणाले, आणि रविवारी सकाळी केरबा आकडा सांगून वळल्यावर त्यांनी लेकीला एसटीत बसवून दिलं. सावकाश चाललेल्या केरबाला एसटीने वाटेतच मागे टाकलं.

दुपारी पाचशे पुरे करून केरबा घरी आला, तर मंजुळा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तुम्ही-आम्ही असतो तर हातपाय धुऊन पानावर बसलो असतो. केरबा डोकं खाजवत उभा राहिला. गाडीने जायचं, मग बायकोला आणायचं, असं ठरलं होतं. इथे बायको आधीच आलेली आणि गाडी अजून दारात. सगळा क्रमच चुकला होता.

"मंजुळे, पिशवी घे आणि मागं बस."

मंजुळेला वाटलं, नवरा हौसेने फिरवून आणतोय. ती पदर खोचून बसली. गाडी काय पळाली म्हणता! चढावरसुद्धा कुरकुरली नाही. मंजुळेला त्या गाडीवर पहिल्यांदाच सुख लागलं. गाडी तिच्या माहेरच्या दारात थांबली. केरबाने तिला उतरवलं, पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

सासरे बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "जावईबापू, सकाळीच तर गेली होती ती. लगेच माहेरी आणून सोडली?"

"सोडली, मामा. जिथलं तिथं ठेवली."

"अहो, पण आज रविवार. दिवस मावळत आला."

"म्हणून तर घाई आहे," केरबा म्हणाला. "घरी जाऊन पहिल्यापासून न्यायला यायचंय." त्याने किक मारली आणि बायकोला लवकर घरी आणायचं म्हणून एकटाच भरधाव घरी निघून गेला.