नदीचं नदीला

एका गावात एक भोळा गडी होता. नाव गेनू. अंगानं दांडगा, डोक्यानं कोरा.

गावच्या नदीतली वाळू चोर उपसून न्यायचे आणि गावच ती विकत घ्यायचं. विहिरी आटल्या, तेव्हा बोंब झाली. मग सरकारनं नदी राखायला पोलीस बसवले. खंडागळे जमादारांना हाताखाली माणूस हवा होता. शहाणं कुणी उन्हात उभं राहीना, म्हणून गेनूला खाकी शर्ट मिळाला. त्या शर्टावर त्याचा भारी जीव. झोपताना घडी घालून उशाला घ्यायचा.

जमादार म्हणाले, "गेनू, वाळूचा कणसुद्धा नदीबाहेर जाता कामा नये."

"बरं साहेब."

गेनूनं पाण्याला आलेल्या बायकांना काठावर अडवलं. "पाय झटक, मावशे. कण चाललाय." म्हशींचे खूर धुतले. एकीनं लाथ घातली, तरी उरलेले खूर सोडले नाहीत.

बायका जमादारांशी भांडून आल्या. जमादार म्हणाले, "येड्या, पायी जाणाऱ्याला सोड. वाहनवाल्याला धर."

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी शिरपा चोर गाढवांवर वाळूची पोती लादून निघाला. शिरपा पायी, गाढवंही पायी. गेनूनं चढावर मागून रेटा दिला. तेवढ्यात सायकलवरून पोस्टमन आला. त्याला धरला.

जमादारांनी कपाळ बडवलं. "अरे, गाढव दिसलं की अडव. पोती नदीत रिकामी कर."

"बरं साहेब."

पलीकडच्या वाडीत लग्न होतं. सामान गाढवांवरून चाललं होतं. गेनूनं रवा ओतला, साखर ओतली. नवरीचा बाप आडवा आला.

"मामा, हे गाढव आहे ना?" गेनू म्हणाला.

"आहे."

"मग सरका."

त्या दिवशी मासे शिऱ्याला बसले आणि वऱ्हाड उपाशी उठलं.

आता जमादार तापले. "आणखी एक घोटाळा केलास तर शर्ट काढून घेईन. आधी विचारायचं, माल कुठला? जिथला असेल तिथं नेऊन टाकायचा. मग कुणी माझं नाव सांगो, ऐकायचं नाही."

शर्ट जाणार म्हटल्यावर गेनूची झोप उडाली.

नदी राखायला काठावर नवी चौकी बांधली होती. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब फीत कापायला येणार होते. गवंडी शेवटचा हात फिरवत होता. गेनूनं विचारलं, "दादा, वाळू कुठली?"

"ही काय, समोरची. जमादारांनीच काढायला लावली."

गवंडी घरी गेला. गेनूनं पहार घेतली.

सकाळी मोठ्या साहेबांची जीप आली. काठावर नुसतं दार उभं होतं, दाराला फीत, मागं आभाळ.

"चौकी कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"नदीत, साहेब. वाळू नदीचीच होती. दार जंगलाचं आहे, ते दुपारी पोचवतो."

मोठ्या साहेबांनी जमादारांकडे पाहिलं. जमादारांनी दाराकडे पाहिलं.

"शर्ट काढ, गेनू," जमादार कसेबसे म्हणाले.

गेनूचे डोळे भरले. पण हुकूम तो हुकूम. शर्ट काढला, नीट घडी घातली आणि विचारलं, "साहेब, हा कुठला?"

"कापसाचा आहे. माझं डोकं खाऊ नकोस."

गेनू सरळ कपाशीच्या रानात गेला आणि एका झाडाला शर्ट घालून, वरची गुंडी लावून आला.