दौलतशेठचं थंडीवरचं औषध

थंडीत डिझेल गोठू नये म्हणून ट्रकमालक दौलतशेठनी घरीच एक औषध बनवलं. कांद्याचे ट्रक कारगिलला निघाले, तेव्हा औषधाचा गुण दाखवायला शेठ स्वतः बरोबर आले.

कारगिलला सकाळी सगळीकडे बर्फ. शेठनी भिवाजी ड्रायव्हरला बाटली दिली. "हे टाकीत ओत."

"शेठ, मी जम्मूलाच दुकानातलं औषध टाकलंय. डिझेल पातळ होतं तेव्हाच."

"माझं ओत. नाहीतर किल्ली दे आणि बसने घरी जा."

भिवाजीने बाटली टाकीवर उलटी धरली. थेंब पडेना. हलवली, तर आत गोळा खडखडला.

"ओततो शेठ," तो म्हणाला, "पण आधी या औषधाला थोडं औषध पाजा."

बाकीच्या ट्रकांचे ड्रायव्हर हसू लागले. शेठनी बाटली कोटात घातली.

"गाडी सुरू कर," ते म्हणाले. "हीटरही लाव."