दोरीपलीकडची खुर्ची

“उडेल का, ते मी विचारतच नाहीये,” घारपुरे सर म्हणाले. “तयार आहे का, तेवढं सांग.”

“तयार आहे सर. शंभर टक्के!”

केतकीचा आवाज ठणठणीत होता. हात मात्र जागेवर नव्हते. गळ्यातल्या शिट्टीची दोरी ती बोटाला गुंडाळत होती, पुन्हा सोडत होती.

कॉलेजमागच्या माळावर तिच्या चमूचं रॉकेट उभं होतं. उंची माणसाच्या खांद्याएवढी, तोरा आभाळाएवढा. याआधीची दोन फसली होती. पहिल्याची नळी जागच्या जागी फुटली. दुसरं वर गेलं, पण हवाई छत्री उघडली नाही आणि ते गाजरासारखं जमिनीत रुतून बसलं. केतकीनं पहिल्या वेळी दोष दिला मालाला, दुसऱ्या वेळी वाऱ्याला. नाचता येईना, अंगण वाकडं!

आज मात्र अंगणाला नावं ठेवून भागणार नव्हतं. प्राचार्यांनी बजावलं होतं, “आज उडालं नाही, तर तुमची खोली कॅरमवाल्यांना.” ते स्वतः मांडवात येऊन बसले होते. शेजारी नगराध्यक्ष, पुढ्यात पेढ्यांचा खोका.

आणि सकाळीच इंधन भरणाऱ्या जुनेदनं तिला बाजूला घेतलं होतं.

“इंधनाच्या कांडीला भेग दिसतेय गं. जळायच्याऐवजी फुटेल ती, पहिल्यासारखी.”

“केवढी भेग?”

“केसाएवढी. पण आहे.”

“केसाएवढीच ना? मग गप्प बस.”

जुनेदनं तीच कांडी नळीत बसवली. ती भेग मात्र तेव्हापासून केतकीच्या पोटात वाढत होती.

“सर, फोडू नारळ?” तिनं घाईघाईनं विचारलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

“नारळ राहू दे.”

सरांचं आयुष्य दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर ते या मुलांना शिकवायला यायचे. बोलायचे कमीच. मांडवातली प्लॅस्टिकची एक खुर्ची त्यांनी उचलली, सुरक्षेची दोरी ओलांडली आणि सरळ चालत गेले. रॉकेटपासून दोन हातांवर खुर्ची ठेवून ते बसले.

“सर! तिथं नाही बसायचं!”

“का?”

“नियम आहे... दोरीच्या आत कुणी थांबायचं नाही.”

“नियम मीच शिकवला. तू शंभर टक्के म्हणालीस, म्हणून बसलो. मोज.”

नगराध्यक्षांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

केतकीला सरांचा राग आला. भयंकर राग आला. चारचौघांत हे काय नाटक! तिनं पेटवायच्या खोक्यात किल्ली फिरवली आणि बटणावर अंगठा टेकला.

“दहा... नऊ... आठ...”

वाऱ्यानं सरांचे पांढरे केस उडत होते. फोटो काढून घ्यायचा असावा तसे त्यांनी ते हातानं दाबून बसवले.

“सात... सहा...”

पुढचा आकडा तिच्या तोंडून फुटेना.

“पाच,” सरांनी आठवण करून दिली.

केतकीचा अंगठा बटणावरून निसटला.

“पाच येतो गं सहानंतर.”

केतकीनं किल्ली उपसली, मुठीत आवळली आणि दोरी ओलांडून धावत सुटली. सरांच्या खुर्चीपुढे पोचेपर्यंत ती रडायला लागली होती.

“उठा सर... पाया पडते, उठा. कांडीला भेग आहे. जुनेदनं सांगितलं होतं मला. मीच त्याला गप्प बसवलं.”

माळावर आडोसा नसतो. मांडवापर्यंत सगळं ऐकू गेलं. प्राचार्य उभे राहिले.

“म्हणजे आज उडत नाही?”

“नाही उडत सर,” केतकी म्हणाली. आवाज पार चिरकला होता. हात मात्र स्थिर होते.

“खोलीचं काय ठरलंय, ते माहीत आहे ना?”

“माहीत आहे सर.”

प्राचार्यांनी पेढ्यांच्या खोक्याकडे बघितलं, मग घारपुरे सरांकडे. सर सावकाश उठले. खुर्ची उचलून त्यांनी केतकीच्या हातात दिली आणि मांडवाच्या कडेला उभ्या जुनेदला हाक मारली.

“जुनेद, तो नारळ आण रे. आता फोडू.”