शेठ भरतकामाला बसले

नदीकाठच्या एका गावात माणकोजीशेठ नावाचे व्यापारी राहत. शेल्यांवर भरतकाम करून घ्यायचं आणि ते शहरात विकायचे, हा त्यांचा धंदा. त्यांच्या माडीवर गावातल्या बाया ओळीने मांडी घालून बसत. समोरच्या बुटक्या लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं असे. त्यावर वाकून त्या दिवसभर टाके घालत.

शेठ मनाने वाईट नव्हते. मजुरी वेळेवर देत, सणाला लुगडी देत. पण कामाच्या वेळी कोणी जागेवरून उठलेलं त्यांना खपत नसे. ते म्हणत, "उठबस घरी करा. इथे हात चालले पाहिजेत."

संध्याकाळी बाया भिंतीला धरून उठत. कोणाची मान धरलेली, कोणाच्या पायाला मुंग्या आलेल्या. शेठच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी शहरातून मऊ गाद्या आणि मखमली लोड मागवले. खर्च बराच झाला. पण दुखणं काही हटलं नाही. लोड पाठीमागे आणि काम पुढे, मग टेकायचं कधी?

अशात राजवाड्यातून लग्नाच्या शेल्यांचं काम आलं, आणि त्याच सुमारास सगुणाबाईंनी अंथरूण धरलं. सगळ्यांत नाजूक वेलबुट्टी त्याच भरत. त्यांची पाठ इतकी आखडली होती, की कूस बदलता येईना. शेठ त्यांच्या घरी गेले.

"सगुणाबाई, आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, शेठ. तुम्ही गादी दिलीत."

"मग आणखी काय हवं होतं?"

"अधूनमधून उठायला."

शेठ परतले. लहानपणी आईकडून ते हे काम शिकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच सगुणाबाईंच्या जागेवर बसले.

पहिली वेल झकास उतरली. पण दुपार व्हायच्या आतच मान जड झाली, पाय बधिर झाला. उठावंसं वाटलं, पण बाया तिरक्या नजरेने बघत होत्या. लाजेने ते तसेच बसून राहिले. मग टाके वाकडे पडू लागले आणि उसवावे लागले. शेवटी ते चौकटीला धरून उठले. बायांनी सुया थांबवल्या.

"मला अर्धा दिवस बसवत नाही," शेठ म्हणाले, "आणि तुम्हाला मी वर्षानुवर्षं बसवलं."

त्यांनी कोठीतली रिकामी खोकी आणली, खिडकीपाशी एकावर एक रचली, वर चौकट ठेवली आणि उभ्यानेच टाके घालू लागले. आता मान फार वाकवावी लागत नव्हती. पाय दमले, की ते वरचं खोकं काढून तिवईवर बसत.

तुळसा नावाच्या बाईने धीर करून विचारलं, "शेठ, माझी चौकट वर चढवू का?"

"चढव. तुझ्या उंचीला बसेल एवढीच."

संध्याकाळपर्यंत परसातल्या विटा, जुने पाट, मोडक्या पेटाऱ्या, सगळं माडीवर आलं. प्रत्येकीने आपापल्या अंगाला जुळेल अशी चौकट लावून घेतली. दोऱ्यांची रिळं शेठनी मुद्दाम समोरच्या भिंतीतल्या फळीवर ठेवली. दोरा संपला, की उठावंच लागे.

शेजारचा व्यापारी हसला. "माणकोजीशेठ, तुमच्या माडीवर तर जत्रा भरलीय. सगळ्या फिरतायत."

"फिरतात, म्हणून तर संध्याकाळचा टाकाही सकाळसारखा पडतो," शेठ म्हणाले.

विश्रांती घेऊन सगुणाबाई परत आल्या. त्यांच्यासाठी खिडकीपाशी उंच चौकट आणि जवळच तिवई मांडून ठेवली होती. कधी उभ्याने, कधी बसून त्या काम करत. शेले लग्नाआधीच पुरे झाले.

वेलीचं शेवटचं पान भरून त्यांनी सुई ठेवली, तेव्हा शेठनी विचारलं, "दमलात का?"

"दमले," सगुणाबाई हसून म्हणाल्या, "पण दुखत काही नाही."

आणि भिंतीचा आधार न घेता त्या जिना उतरून घरी गेल्या.

तात्पर्य: काम करणाऱ्याचा त्रास त्याच्या जागी बसून पाहिल्यावरच कळतो. महागड्या गादीपेक्षा त्याच्या अंगाला जुळणारी साधी मांडणी आणि हलण्याची मोकळीक त्याला जास्त सुख देते, आणि त्यामुळे कामही चांगलं होतं.