पाळीचा क्रूस

तो पाहा, निळ्या दाराच्या घराबाहेर भिंतीला टेकवलेला लाकडी क्रूस. आज गावाचा सण, बँड लागलाय, तरी हा क्रूस चर्चमध्ये येत नाही. दरवर्षी पाहुणे विचारतात आणि गावकरी विषय बदलतात. चाळीस वर्षे इथली घंटा वाजवतोय, म्हणून मीच सांगतो.

फार पूर्वी या आळीत कात्रीनबाय नावाची विधवा राहायची. नवरा समुद्रात गेला, मूलबाळ नाही, दिरांनी दार लावून घेतले. तेव्हाच्या पाद्रींनी हा क्रूस करवला, असे सांगतात. क्रूस ज्याच्या दारी, त्या घराने त्या दिवशी कात्रीनबायला जेवण पोचवायचे आणि संध्याकाळी क्रूस शेजारच्या दारी ठेवायचा. गावाने वेदीसमोर तशी शपथ घेतली. सहा वर्षे तिचे ताट चुकले नाही.

मग एका सणाला लोकांना वाटले, मिरवणुकीत आपला क्रूस उठून दिसला पाहिजे. तेलपाणी करायला, फुलांनी सजवायला तो चार दिवस आधीच चर्चमध्ये नेला. म्हणजे तो कुणाच्याच दारी नव्हता.

कात्रीनबाय तापाने आडवी होती. दुसऱ्या दिवशी तिने गाण्याच्या तालमीला निघालेल्या शेजारणीला हाक मारली, "मोनीबाय, आज पाळी कोणाची गं?"

"क्रूस ज्याच्या दारी असेल त्याची," असे म्हणून मोनीबाय घाईने गेली. खोटे काय बोलली?

सणाच्या दिवशी मिरवणूक कात्रीनबायच्या झोपडीसमोर आली आणि क्रूस एकदम जड झाला म्हणे. आठ गड्यांना हलेना. कुणीतरी आत डोकावले. धुऊन ठेवलेल्या ताटाशेजारी ती मरून पडली होती. अख्खे गाव ढसाढसा रडले. रडायला आम्हांला पाळी लावून द्यावी लागत नाही! 'क्रूस पुन्हा दारावरून चर्चमध्ये नेणार नाही, सणालाही नाही,' असा नवस बोलले, तेव्हा कुठे तो उचलला गेला.

आजही क्रूस दारोदार फिरतो. सणाला ज्याच्या दारी असेल, ते घर त्याच्यापुढे ताट वाढते, मेणबत्ती लावते, फोटो काढते. त्या निळ्या दाराच्या घरामागच्या खोलीत फिलूबाय राहते. नवरा नाही, मूल नाही. आज सकाळी तिने मला विचारले, "क्रूसापुढचं ताट नंतर कोणाला देतात रे?"

मी म्हणालो, "घंटेची वेळ झाली, बाय." आणि इकडे निघून आलो.