लक्काईचं बंद दार

फार फार वर्षांमागं, ऐका, कातळवडीत कमी दिवसांचं लेकरू जन्मलं की बाया आधीच रडायला लागत. असं म्हणतात, डोंगरावरून एक 'ती' यायची. तिचं नाव कुणी घेत नसे. आईच्या पहिल्या पिवळ्या दुधाच्या, म्हणजे चिकाच्या, वासावर ती घर हुडकायची. म्हणून लोक चीक दारापुढं ओतून तिला तिथंच थोपवायचे आणि लेकराला गुळाचं पाणी पाजायचे. गाईच्या चिकाचा खरवस मात्र मिटक्या मारत खायचे! लेकरू सुकून जायचं आणि लोक म्हणायचे, तिनं नेलं.

मेंढरं राखणाऱ्या लक्काबाईनंही पहिल्या मुलाच्या वेळी चीक ओतला होता. तो गेलाच. पुढं तिच्या धाकट्या मुलाची बायको हौसा सातव्या महिन्यात बाळंत झाली. ओंजळीत मावेल एवढी पोर, दूध ओढायचं बळ नाही. रीतीप्रमाणं हौसानं चीक वाटीत काढला, बाहेर ओतायला.

"आण इकडं," लक्काबाई म्हणाली. "कोकराला थेंब थेंब पाजून जगवलंय म्या. हिलाबी जगवीन."

"आत्याबाई, ती आत यील!"

लक्काबाईनं दाराला अडसर घातला. पोर हौसाच्या उघड्या छातीशी बांधली आणि बोटानं चीक तिच्या ओठांवर सोडू लागली.

त्या दिवशी दारापुढं काहीच सांडलं नाही. दिवेलागणीला दारावर नखं वाजली. मग हाक आली.

"आये, भूक लागलीया. दार उघड."

बोलायला लागण्याआधीच गेलेल्या लक्काबाईच्या पहिल्या मुलाचा तो आवाज होता. कधी ऐकला नव्हता, तरी आईनं ओळखला. उघडावं तर नात जाणार, न उघडावं तर लेकरू पुन्हा उपाशी. लक्काबाई रडली, पण उठली नाही. असं म्हणतात, रोज दिवेलागणीला हाक यायची आणि रोज थोडी क्षीण व्हायची. तेच तिला सोसवत नव्हतं.

एका संध्याकाळी पोर आपली आपण लुचू लागली. लक्काबाईनं डोळे भरून पाहिलं, अडसर काढला. "हौसा, मागनं दार लाव," म्हणाली, आणि "आले रं बाळा" करत अंधारात गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही.

आजही कातळवडीत बारकं लेकरू जन्मलं की चीक सांडत नाहीत. लक्काईचं नाव घेऊन पहिला थेंब बोटानं देतात आणि दिवेलागणीला दार लावतात. बाहेरून हाक आलीच, तर घरातली म्हातारी दाराशी जाऊन हळूच सांगते, "जा बाळा, तुजी आई तुज्याकडंच आलीया."